कुंडीतल्या चहाच्या पानांत शिसे-कॅडमियम पुन्हा पुन्हा का चढते? तपासणी आणि उपाय

इंदूरच्या गच्चीवर चहाचे झुडूप जगवता येते. दुपारनंतर सावली, एप्रिल-मेमध्ये ५० टक्क्यांचे शेडनेट, माती-खताचे आम्लधर्मी मिश्रण आणि मऊ (कमी क्षारांचे) पाणी एवढे सांभाळले की झाड तग धरते. खरी अडचण पाने प्रयोगशाळेत पाठवली की समोर येते. अहवालात शिसे किंवा कॅडमियम अपेक्षेपेक्षा जास्त दिसते. मग कुंडीतली वरची चार बोटे माती बदलली जाते, पुढचा अहवाल जरा बरा येतो आणि वर्षभरात आकडा पुन्हा होता तिथे जातो.

याचे मूळ चहाच्या स्वभावात आहे. चहाला मातीचा सामू, म्हणजे पीएच, ४.५ ते ५.५ लागतो आणि नेमक्या याच सामूला शिसे, कॅडमियम, निकेल, जस्त, मँगनीज हे धातू मातीच्या कणांपासून सुटून पाण्यात येतात. पालक-मेथीच्या वाफ्यात हीच तक्रार असती तर चुना टाकून सामू ७ च्या आसपास नेला असता. धातू मातीला घट्ट बसले असते आणि विषय संपला असता. चहाच्या कुंडीत तसे केले तर धातू अडकतील, पण झाडही जाईल. म्हणून इथे ‘मातीतला धातू बांधून ठेवणे’ हा नेहमीचा उपाय उपयोगाचा नाही. धातू कुंडीत येऊच न देणे आणि आला असेल तर मिश्रण टाकून देणे, एवढेच हातात राहते.

मात्र मिश्रण टाकून देण्याआधी तपासणी नीट झाली होती का, ते पाहा. बऱ्याच ‘वाईट’ अहवालांत मातीचा काही दोष नसतो.

अहवाल वाचताना

आकडा ओल्या पानाचा आहे की वाळलेल्या, हा पहिला प्रश्न. ताज्या कोवळ्या पानात पाणीच ७५ ते ७८ टक्के असते आणि साधारण साडेचार किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो. ओल्या पानावर ०.४ मि.ग्रॅ. प्रति किलो आलेले शिसे वाळल्या पानावर १.८ होते. मागच्या वर्षी ओले पान आणि यंदा वाळलेले पान दिले असेल, तर ‘चौपट वाढ’ कागदावरच झालेली असते. भारतातली चहासाठीची शिशाची मर्यादा १० मि.ग्रॅ. प्रति किलो आहे आणि ती वाळलेल्या चहासाठी आहे. चीनमध्ये हीच मर्यादा ५ आहे. घरच्या कुंडीत आकडा २ च्या खाली ठेवणे अवघड नाही, तेव्हा १० वर समाधान मानू नका.

दुसरा गैरसमज ॲल्युमिनियम आणि मँगनीजचा. अहवालात ॲल्युमिनियम ७०० दिसले की लोक कढईला आणि पातेल्याला दोष देतात. चहाचे झाड ॲल्युमिनियम मुद्दाम साठवते. कोवळ्या पानात शेकडो आणि जुन्या पानात हजारो मि.ग्रॅ. प्रति किलो हे त्याचे नेहमीचे प्रमाण आहे. थोडे ॲल्युमिनियम मिळाले तर मुळे उलट चांगली वाढतात. मँगनीजही शेकड्यांत येणारच. हे दोन्ही आकडे प्रदूषणाची खूण म्हणून धरू नका.

‘बीएलक्यू’ लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ शून्य नव्हे. यंत्राला खात्रीने मोजता येते त्या मर्यादेपेक्षा कमी, एवढाच. ती मर्यादा किती होती ते प्रयोगशाळेला विचारून अहवालावर लिहून ठेवा. कॅडमियमसाठी मर्यादा ०.५ असेल तर त्या तपासणीचा चहाला उपयोग नाही. धातू अतिसूक्ष्म प्रमाणात मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावर ०.०५ किंवा त्याहून खाली जाणारी तपासणी मागा.

कोणते धातू जोडीने वाढले?

एकट्या शिशाचा आकडा पाहून काही कळत नाही. शेजारी कोण वाढले ते पाहायचे, कारण प्रत्येक स्रोत आपली टोळी घेऊन येतो.

तांबे, जस्त आणि शिसे तिन्ही एकत्र चढले असतील तर पहिला संशय पितळेवर. घरातला पितळी खलबत्ता पाने कुटायला घेतला की हे तिघे थेट नमुन्यात उतरतात. पितळी तोटीचे रात्रभर थांबलेले पाणी हाही याच घरातला, पण सौम्य.

लोह, क्रोमियम आणि निकेल एकत्र असतील तर मिक्सरचे स्टीलचे पाते. वाळलेले पान कडक असते आणि बारीक पूड करायला मिक्सर बराच वेळ फिरवला तर पाते झिजते. नमुना पूड करून देऊच नका. स्वच्छ प्लास्टिक पिशवीत वाळलेली पाने हाताने चुरा, नाहीतर अख्खी पाने द्या आणि अगेटच्या (अतिकठीण दगडाच्या) खलात दळायला सांगा.

जस्त भरपूर, सोबत थोडे कॅडमियम, बाकी सगळे जागेवर: हे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे लक्षण. एकतर झाड त्या बादलीत लावलेले असते, किंवा पाणी पत्र्याच्या छपरावरून येते. मुलाम्याच्या जस्तात कॅडमियम भेसळीसारखे असते आणि आम्ल मिश्रण मुलामा हळूहळू विरघळवते.

फक्त तांबे वाढलेले असेल तर फवारणीची वही काढा. कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा बोर्डो मिश्रण (तांबेयुक्त बुरशीनाशके) मारल्यानंतर पावसाविना दोन आठवड्यांत खुडणी केली की तांबे पानाच्या पृष्ठभागावरच असते. चहासाठी तांब्याची मर्यादा १५० आहे. एका दाट फवारणीने ती ओलांडली जाऊ शकते. इंदूरच्या कोरड्या हवेत चहावर ही फवारणी करण्याचे कारण क्वचितच पडते.

शिसे आणि क्रोमियम वाढले, निकेल मात्र तिथेच: रंग. पिवळ्या-नारिंगी जुन्या रंगांत लेड क्रोमेट हे शिसे-क्रोमियमचे रंगद्रव्य असायचे. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची सक्तीची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग रामबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या घरांच्या लाकडी गॅलऱ्यांवर, कठड्यांवर, लोखंडी जाळ्यांवर अजून असू शकतो आणि दर उन्हाळ्यात त्याची पापुद्री खालच्या कुंडीत पडते.

आणि लोह, टायटॅनियम, शिसे तिन्ही वाढले तर धूळ. इथे चहाची एक खास गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. भाजीच्या नमुन्यात धूळ ओळखायला ॲल्युमिनियम पाहतात. चहात ते झाडानेच साठवलेले असल्याने ती खूण निकामी ठरते. टायटॅनियम झाड जवळजवळ घेतच नाही, म्हणून तेच मागा. आयसीपीवर एक मूलद्रव्य वाढवायला फारसा खर्च येत नाही.

वरच्यांपैकी काहीच जुळत नसेल आणि कॅडमियम एकटेच किंवा जस्त-मँगनीजबरोबर वाढलेले असेल, तर मात्र मुळांतून आलेला धातू समजा.

धुतलेले आणि न धुतलेले पान

शिसे मुळांत शिरले तरी बहुतेक तिथेच पेशीभित्तिकांना चिकटून राहते, पानापर्यंत थोडेच पोचते. म्हणून पानातले शिसे कित्येकदा खालून चढलेले नसते, वरून पडलेले असते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण रस्त्याकडेच्या मातीतले शिसे कुठे जात नाही. एबी रोडसारख्या (आग्रा-मुंबई रस्ता) वर्दळीच्या रस्त्याला लागून असलेल्या गच्चीवर ते धुळीबरोबर उडत राहते. दिवाळीचे फटाके आणि रंगपंचमीच्या गेरीनंतर (रंगांच्या मिरवणुकीनंतर) छपरा-झाडांवर बसलेला स्वस्त गुलाल हे त्यात भर घालतात. रंगपंचमीनंतरच्या आठवड्यात खुडलेल्या पानाचा नमुना पाठवणे म्हणजे झाडाची नव्हे, गुलालाची तपासणी.

याची शहानिशा सोपी आहे:

१. दोन पाने आणि कळी एवढेच खुडा. अंगठी-बांगडी काढून, कोरड्या स्वच्छ हातांनी. जून पाने मिसळू नका. त्यांत ॲल्युमिनियम, फ्लोराइड आणि बराचसा धातू वर्षानुवर्षे साठलेला असतो.

२. सुमारे २०० ग्रॅम ओली पाने लागतील. एका झाडातून एवढी निघत नाहीत, तेव्हा एकाच मिश्रणात लावलेल्या चार-पाच कुंड्यांची पाने एकत्र करा. निरनिराळ्या मिश्रणांच्या कुंड्या एकत्र केल्या तर अहवालाचा अर्थ लागणार नाही.

३. निम्मी पाने तशीच ठेवा. उरलेली डिस्टिल्ड पाण्यात, लिटरला एक-दोन थेंब साबणद्रव घालून, अर्धा मिनिट हलवा आणि मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात दोनदा विसळा. जास्त वेळ भिजवू नका, पानातले क्षारही सुटतात.

४. दोन्ही भाग ६० ते ६५ अंशांवर किंवा सावलीत मलमलीवर वाळवा. वर्तमानपत्रावर कधीही नाही; छपाईची शाई ओल्या पानाला लागते आणि एका तपासणीचे पैसे वाया जातात. १०० ग्रॅमची २२-२३ ग्रॅम झाली की पुरे.

५. दोन वेगळ्या पिशव्या, दोन वेगळे क्रमांक, यादी एकच: शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, निकेल, क्रोमियम, तांबे, जस्त, लोह, टायटॅनियम.

धुतल्यावर शिसे निम्म्याने किंवा जास्त घटले तर धूळ हे मुख्य कारण. खुडणीच्या आदल्या दिवशी झाडाला स्वच्छ पाण्याचा जोरदार शिडकावा द्या, रस्त्याच्या बाजूला शेडनेटचा आडोसा उभा करा आणि मातीला हात लावू नका. दोन्ही आकडे जवळपास सारखेच आले तर पुढे वाचा.

माळव्याची काळी माती, बोअरिंगचे पाणी आणि पिवळी पाने

दर वर्षी परत येणारा त्रास बहुधा या तिघांच्या साखळीतून येतो.

कुंडीत ‘थोडी आपली माती हवी’ म्हणून तिसरा भाग काळी माती घातली जाते. या मातीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो आणि तिच्यात चुनखडी असते. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे. आता हिशेब करा. ३० लिटरच्या कुंडीत १२ किलो काळी माती आणि तिच्यात ५ टक्के चुनखडी धरली, तर ती ६०० ग्रॅम झाली. ती मारायला सुमारे १९० ग्रॅम गंधक लागेल आणि बदल्यात किलोभर जिप्सम कुंडीतच तयार होईल. हे कोणी करत नाही. लोक चमचाभर गंधक घालतात, सामू महिनाभर थोडा उतरतो आणि चुनखडी त्याला परत वर आणते.

पाणीही त्याच दिशेने ओढते. बोअरिंगच्या पाण्याची अल्कता (आम्ल मारण्याची क्षमता, चुनखडीच्या मापात) लिटरला ३०० मि.ग्रॅ. धरली आणि पावसाळा सोडून आठ महिने रोज एक लिटर दिले, तर वर्षाला ७२ ग्रॅम चुना कुंडीत पडतो. आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी त्याहून वाईट. मूळ पाण्यातले क्षार आणि जो काही धातू असेल तो त्यात दीडपट-दुप्पट दाट झालेला असतो. ‘पाणी वाया जाऊ नये’ ही भावना चांगली आहे, ते फरशीला वापरा.

सामू ६.५ च्या वर गेला की लोह अडकते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे सोयाबीनवर पडतो तसाच केवडा. आणि इथेच गोष्ट उलटते. लोहाची उपासमार झालेले झाड मुळांतून आम्ल सोडते आणि लोह आत घेणाऱ्या वाहकांची संख्या वाढवते. हे वाहक लोह आणि कॅडमियम यांत नीट भेद करत नाहीत. म्हणजे चुनखडीच्या कुंडीत कॅडमियम कमी विरघळलेले असूनही केवडा पडलेले झाड ते अधाशासारखे ओढू शकते.

मग माळी-मंडळी उपाय करतात: हिराकस (फेरस सल्फेट), तुरटी, व्हिनेगर, लिंबाचे सत्त्व आणि चिलेटेड सूक्ष्मद्रव्यांची आळवणी. सामू एकदम खाली येतो, धातू सुटतात. चिलेटमधल्या ईडीटीएचे तर कामच धातूला धरून पाण्यात ठेवणे. दूषित जमिनीतले शिसे झाडाच्या शेंड्यापर्यंत चढवायचे असेल तेव्हा संशोधक हेच रसायन जमिनीत घालतात. आपण तेच चहाच्या मुळाशी ओतत असतो. पाने हिरवी होतात, मालक खूश होतो आणि पुढच्या खुडणीत आकडा चढलेला असतो. पाण्याने महिन्या-दोन महिन्यांत सामू पुन्हा वर नेला की साखळी नव्याने सुरू.

तेव्हा केवडा दिसला तर आधी सामू मोजा. दोन काट्यांचे, बिनबॅटरीचे माती-मीटर यासाठी निरुपयोगी आहे. कुंडीत दहा सें.मी. खोलवरून घेतलेले १० ग्रॅम मिश्रण २५ मि.लि. डिस्टिल्ड पाण्यात घाला, अर्धा तास अधूनमधून ढवळा आणि ४ व ७ सामूच्या बफरवर (सामू ठाऊक असलेल्या द्रावणावर) जुळवलेल्या पेन-मीटरने वाचा. तातडीचा उपाय म्हणून ०.२ ते ०.३ टक्के हिराकसाची संध्याकाळी पानांवर फवारणी चालते, मात्र हिराकस खत-दर्जाचा, पाकिटावर घटक छापलेला हवा. झिंक सल्फेट घेतानाही तेच. खत नियंत्रण आदेशात त्यासाठी कॅडमियमची कमाल मर्यादा ०.००२५ टक्के आणि शिशाची ०.००३ टक्के आहे, सुट्या पोत्यातल्या औद्योगिक मालाला अशी हमी नसते. फवारलेली पाने खुडायची नाहीत, पुढची पालवी घ्यायची.

धातू कुंडीत आला कुठून?

अंदाज बांधण्यापेक्षा मि.ग्रॅ. मोजा. २० किलो मिश्रणाच्या कुंडीत शिसे १०० मि.ग्रॅ.ने वाढले तर मातीतला आकडा ५ ने वर जातो. या मापाने पाहिले की संशयित आपोआप क्रमाला लागतात.

शहरी कंपोस्टला शिशाची मर्यादा किलोला १०० मि.ग्रॅ. आणि कॅडमियमची ५ मि.ग्रॅ. आहे. मर्यादेत बसणारे पाच किलो कंपोस्टसुद्धा, अगदी काठावरचे असेल तर, कुंडीत ५०० मि.ग्रॅ. शिसे घालू शकते. ओला-सुका कचरा वेगळा करून बनवलेले कंपोस्ट यापेक्षा बरेच स्वच्छ असते, पण तपासणीचा कागद बघितल्याशिवाय चहाला नको. भाजीला, काळ्या मातीत, तेच कंपोस्ट खुशाल चालेल. शहरातून वाहणाऱ्या नदी-नाल्यांचा गाळ कुठल्याच कुंडीत नको.

बाप्पाचे घरच्या घरी बादलीत विसर्जन करून ती माती झाडांना घालणे इंदुरात आता सर्रास चालते. न रंगवलेली शाडूची मूर्ती असेल तर धातूची चिंता नाही. फक्त ती माती चिकट असते आणि तिच्यात चुनखडी आहे का ते व्हिनेगरने पाहून घ्या. रंगवलेल्या मूर्तीचे गणित वेगळे. समजा २० ग्रॅम वाळलेला रंग आणि त्यात एक टक्का शिसे, तर २०० मि.ग्रॅ. एका गणपतीतून. सोनेरी, पिवळे, शेंदरी रंग जास्त संशयास्पद. रंगीत मूर्तीची माती गुलमोहराच्या बुंध्याशी घाला. श्रद्धेला बाधा येत नाही आणि चहालाही नाही.

कुंडी कशाची आहे? इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीची रिकामी खोकी कितीही धुतली तरी चहाला घेऊ नका. रंगवलेले डबे, झाळलेले जुने तेलाचे डबे, आतून चकाकी दिलेली स्वस्त चिनी मातीची भांडी हीसुद्धा नकोत; आम्ल मिश्रण त्या चकाकीतून शिसे काढते. सिमेंटची कुंडी शिसे देत नाही, चुना देते. जाड काळी एचडीपीई ग्रो-बॅग किंवा साधी भाजलेली मातीची कुंडी उत्तम. ठिबकासाठी वर्षानुवर्षे उन्हात पडलेला जुना पीव्हीसी पाइप वापरत असाल तर बदला. अशा पाइपांत स्थिरकारक म्हणून शिसे वापरत असत आणि त्यावर नियम २०२१ मध्ये आला.

चहाचा चोथा मात्र निर्दोष आहे, त्याच्यावर उगाच आळ येतो. रोज १० ग्रॅम चहा, त्यात किलोला १ मि.ग्रॅ. शिसे धरले, तर वर्षाचे साडेतीन-पावणेचार मि.ग्रॅ. होतात. २० किलोच्या कुंडीत याने काही हलत नाही. दूध-साखर धुऊन टाकला नाही तर मुंग्या होतात, एवढेच.

मिश्रण ठेवायचे की टाकायचे?

मातीची तपासणी मागताना पद्धत सांगा. मृदा आरोग्य पत्रिकेत शिसे-कॅडमियम नसते. प्रयोगशाळेत सूक्ष्मद्रव्यांसाठी सहसा डीटीपीए द्रावण वापरतात, ते ७.३ सामूचे, चुनखडीच्या मातीसाठी बेतलेले आहे आणि चहाच्या आम्ल मिश्रणात दिशाभूल करू शकते. दोन आकडे मागा: अम्लराजात (तीव्र आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून काढलेला एकूण धातू, आणि ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइडने सुटणारा धातू. पहिला सांगतो किती आहे, दुसरा सांगतो झाडाला किती मिळतो.

आमचा कल असा: एकूण शिसे किलोला १०० मि.ग्रॅ.च्या वर किंवा कॅडमियम १ च्या वर असेल तर वाद न घालता मिश्रण टाकून द्या. शिसे ४० च्या आणि कॅडमियम ०.५ च्या आत असेल तर मिश्रण ठेवा, सामू आणि पाणी सुधारा. मधल्या पट्टीत निर्णय दुसऱ्या आकड्यावर आणि तुमच्या हौसेवर.

मोहरी किंवा सूर्यफूल लावून धातू ‘शोषून’ घेण्याचा सल्ला फिरत असतो. कुंडीत २,००० मि.ग्रॅ. शिसे असेल आणि मोहरीच्या एका पिकाचे ५० ग्रॅम वाळलेले वजन किलोला २ मि.ग्रॅ. शिसे घेऊन गेले, तर एका पिकात ०.१ मि.ग्रॅ. गेले. वीस हजार पिके घ्यावी लागतील.

नवे मिश्रण आणि पुनर्लागवड

३० लिटरसाठी: धुतलेले कोकोपीट १२ लिटर, व्हिनेगरने न फसफसणारी लाल माती ८ लिटर, पानांचे कुजलेले खत ५ लिटर, परलाइट किंवा धुतलेली भरड वाळू ५ लिटर. वाळूलाही व्हिनेगरची चाचणी करा, शंखशिंपले निघतात. लाल मातीचा एकूण-धातू अहवाल एकदा काढून घ्या. एका ट्रॉलीचा एक अहवाल सगळ्या कुंड्यांना पुरतो. राख, हाडाचा चुरा, सुपर फॉस्फेट घालायचे नाही.

इथे एक गंमत सांगायला हवी. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत बसवलेली कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ पुढे चहाच्या मळ्यांनीही उचलली. पण त्या ढिगात आम्लता मारायला लाकडाची राख आणि माती घालतात. मळ्यातल्या सामू ४.५ च्या जमिनीला ते मानवते, आधीच चुन्याकडे झुकलेल्या आपल्या कुंडीला नाही. घरी त्या पद्धतीने ढीग लावत असाल तर चहापुरती राख वगळा.

मिश्रणात लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे १५ ग्रॅम बारीक गंधक मिसळा, ओलसर ठेवा आणि सहा आठवडे थांबा. गंधकाचे आम्ल जिवाणू करतात, त्यांना ऊब, ओल आणि वेळ लागतो. आठवड्यात सामू उतरला नाही म्हणून आणखी गंधक टाकणे ही नेहमीची चूक, आणि मग पावसाळ्यात सगळे एकदम काम करून सामू ४ च्या खाली जातो. लक्ष्य ५.० ते ५.५. चहाला ४.५ चालतो, पण कुंडीत ४.८ च्या खाली जाण्यात फायदा काही नाही आणि कॅडमियम-मँगनीज जास्त सुटतात. खाली गेलाच तर ३० लिटरला १० ग्रॅम डोलोमाइट घालून तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा.

पुनर्लागवड जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर. झाड ३५-४० सें.मी.वर छाटा, जुने मिश्रण झटकून मुळे पावसाच्या पाण्यात हलवून धुवा, काळी पडलेली मुळे काढा. तीन आठवडे ५० टक्के सावली. पहिल्या दोन पालव्या खुडून टाकून द्या, प्यायच्या नाहीत. खोड-मुळांतला जुना साठा काही अंशी त्यांत येतो. झाड फारच दूषित कुंडीत वाढले असेल तर सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे एक पान-एक डोळ्याचे छाट कलम. पावसाळ्यात लावा आणि मूळ झाड शोभेला ठेवा.

पाण्यासाठी छपराचा विचार करा. दहा चौरस मीटर गच्चीवरून इंदूरच्या ९५० मि.मी.च्या आसपासच्या पावसात सात हजार लिटरहून जास्त पाणी मिळते. दोन-तीनशे लिटर साठवले तरी दोन झाडांचा हिवाळा निघतो. पत्र्याच्या छपरावरचे नको, सिमेंटच्या गच्चीवरचे पहिले दहा मिनिटांचे सोडून घ्या. नाहीतर आरओचे शुद्ध पाणी आणि नर्मदेच्या नळाचे निम्मे-निम्मे. लिंबाच्या सत्त्वाने बोअरिंगच्या पाण्याची अल्कता मारता येते (लिटरला ०.३ ते ०.४ ग्रॅम), पण हा टेकू आहे, सत्त्व स्वतः धातूला धरून ठेवते आणि जिवाणूंनी ते खाल्ले की अल्कता परत येते. कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नका. मुळांशी हवा नसली की आर्सेनिक सुटते.

नत्रासाठी महिन्याला ३ ग्रॅम अमोनियम सल्फेट दोन लिटर पाण्यात, मार्च ते सप्टेंबर. हे खत सामू सावकाश खाली ठेवते, त्यामुळे गंधकाची गरज पुढे क्वचितच पडते. छाटलेल्या जून फांद्या-पाने त्याच कुंडीत आच्छादन म्हणून पसरू नका.

काढलेले जुने मिश्रण पालक, कोथिंबीर किंवा तुळशीच्या वृंदावनात जाऊ देऊ नका. त्यात निम्मी काळी माती मिसळून शेवंती किंवा बोगनवेल लावा. जी चुनखडी चहाला नकोशी असते तीच इथे धातू अडकवून ठेवते.

पुढचा नमुना चार महिन्यांनी, नोव्हेंबरात घ्या, दिवाळीच्या फटाक्यांचा थर धुऊन गेल्यावर. धुतलेले आणि न धुतलेले दोन्ही, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने, वाळल्या वजनावर. शिसे उतरले आणि कॅडमियम तिथेच असेल तर लाल मातीचा आणि हिराकसाचा अहवाल मागवा. दोन्ही उतरले असतील तर यापुढे पानांची तपासणी वर्षातून एकदा, आणि सामू मात्र दर महिन्याला.